ले मोर्नच्या खडकावर

आपल्या बेटावर डोंगर पाहिला नाही असा माणूस सापडणार नाही. उसाच्या शेतातून, बसच्या खिडकीतून, शाळेच्या पटांगणातून, कुठूनही मान वर केली की एखादे शिखर दिसतेच. परंतु त्या शिखरावर पाय ठेवून आलेली माणसे आपल्या मराठी घरांत किती निघतील? आमच्या घरात गेल्या वर्षापर्यंत मी एकटाच होतो. माझ्या आईच्या लेखी डोंगर म्हणजे लाकूडफाटा आणि गुरांचा चारा. काम नसताना तिथे कशाला जायचे, हा तिचा प्रश्न. तो चुकीचा आहे असे म्हणण्याचे धाडस मी अजून केलेले नाही.

गेल्या जुलैच्या सुट्टीत माझी पंधरा वर्षांची मुलगी आणि सतरा वर्षांचा भाचा यांना घेऊन मी ले मोर्नला जायचे ठरवले. त्याआधी दोघांना दोनदा ले पूसवर नेऊन आणले होते. ले पूस ८१२ मीटर उंच, पण वाट सोपी. शेवटचा अंगठा तेवढा खडकाळ. चार्ल्स डार्विन १८३६ साली आपल्या बेटावर आला तेव्हा तोही या डोंगरावर चढला होता. ले मोर्न अवघा ५५६ मीटर. भाचा म्हणाला, "मामा, हा तर लहान आहे." उंचीच्या आकड्यावर विश्वास ठेवणारे असेच फसतात. पीटर बोथ ले पूसपेक्षा थोडाच उंच, पण त्याच्या डोक्यावरच्या धोंड्यावर दोर आणि जाणकार माणूस यांच्याशिवाय जाऊच नये.

सकाळी साडेसहाला आम्ही वाटेला लागलो. सोबत त्या भागातला एक वाटाड्या होता. पाठीवर प्रत्येकी दोन लिटर पाणी आणि आईने पहाटे उठून केलेले फराता. ("जायचंच असेल तर उपाशी नको," एवढेच ती बोलली.) पायांत जाड तळव्याचे बंद बूट. सावात घालून डोंगर चढणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना उतरताना पाहणे माझ्याने होत नाही.

पहिला टप्पा रुंद वाटेचा, गप्पांचा. मग झाडी संपते, समोर खडक उभा राहतो आणि गप्पा आपोआप थांबतात. इथून पुढे चालणे नाही, हातापायांनी चढणे. नियम तसा एकच. दोन हात, दोन पाय, या चारांपैकी एका वेळी एकच हलवायचा. बाकीचे तीन खडकावर घट्ट. हाताला आलेला दगड आधी हलवून पाहायचा, मग त्यावर भार टाकायचा. झाडाच्या मुळावर भरवसा ठेवायचा नाही. पोट खडकाला चिकटवायचे नाही. अंग थोडे बाहेर ठेवले की पाय कुठे ठेवायचा ते दिसते. घाबरलेला माणूस नेमके उलटे करतो. मुलीने पहिल्या उभ्या पायरीवर खडकाला मिठीच मारली होती. वाटाड्याने तिचा उजवा पाय धरून एका खाचेत ठेवला, आणि पुढे ती स्वतःच खाचा शोधू लागली.

हा काळा खडक म्हणजे बेसाल्ट, थंड झालेला लाव्हा. हीच गोष्ट मी वर्गात रंगवून सांगतो. हिंदी महासागराखाली भूगर्भात एक तप्त जागा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताची भूमी तिच्यावरून सरकत असताना तिच्यातून निघालेल्या लाव्हाचे थर साचून दख्खनचे पठार झाले. सह्याद्रीचे कडे त्याच थरांचे. भूमी उत्तरेला सरकत गेली, चूल मागेच राहिली; आणि सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी त्याच चुलीतून आपले बेट वर आले. आज ती रेयुनियोंखाली धगधगते आहे. आपले पूर्वज मुंबई बंदरातून जहाजात बसले तेव्हा त्यांना कुणी सांगितले नसेल, की ज्या खडकाचा देश सोडून चाललात त्याच चुलीतला खडक पुढे भेटणार आहे.

वाटेत खडकाच्या कपारीत लाल घंटेसारखी फुले दिसली. हे बूक्ल दोरेय, आपले राष्ट्रीय फूल, निसर्गात फक्त याच डोंगरावर उगवणारे. त्याचा मधही लाल असतो. भाच्याने तोडायला हात पुढे केला. वाटाड्याने नुसते पाहिले, हात मागे आला.

ले मोर्नवर पळून आलेले गुलाम कड्यांच्या आडोशाने राहत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामी संपल्याचे सांगायला शिपाई वर आले, आपल्याला पकडायला आले असे वाटून कित्येकांनी कड्यावरून उडी घेतली, अशी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा आहे. २००८ पासून हा डोंगर जागतिक वारसा म्हणून गणला जातो, आणि २०१६ साली ही वाट सर्वांसाठी खुली झाली. मी ही कथा दरवर्षी शिकवतो. पण त्या दिवशी हाताखालचा दगड सुटून खाली गेला आणि त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, तेव्हा अनवाणी, रात्री, पाठलागावर माणसे असताना हा खडक चढणे म्हणजे काय, याचा पहिल्यांदा विचार आला. आमच्याकडे तर बूट होते, फराता होते.

क्रूस दिसू लागला आणि शामारेलच्या बाजूने ढग आला. बारीक रिमझिम. कोरडा बेसाल्ट बुटाला धरून ठेवतो; ओला झाला, त्यावर बारीक माती असली, की साबण. वाटाड्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, परत.

भाचा चिडला. "पंधरा मिनिटांचं अंतर राहिलंय, मामा!" तेव्हा त्याला मनगट दाखवावे लागले. पंचविशीत असताना कोर द गार्दवर असाच ओला खडक होता. मित्र पुढे गेले होते आणि मागे वळायची मला लाज वाटली. उतरताना पाय सुटला, मनगट मोडले, आणि तो हात आजही फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत नीट जात नाही. हे घरात कुणाला खरे सांगितले नव्हते. शाळेच्या जिन्यावरून पडलो, असे आई अजून समजते. हे वाचून तिला कळेल.

उतरणे चढण्यापेक्षा अवघड. उभ्या जागी तोंड खडकाकडे करून, शिडीवरून उतरावे तसे उतरायचे. मुलगी एका जागी थिजली. दहा मिनिटे कुणी घाई केली नाही. खाली निळ्याहिरव्या पाण्यात इल ओ बेनितिये दिसत होते, तिकडे बघू नकोस, पायाकडे बघ, असे मी म्हणत राहिलो. भाचा तिच्या खाली गेला आणि तिचे पाऊल एकेक करून जागेवर ठेवू लागला. राग कुठे गेला कोण जाणे.

सप्टेंबरमध्ये आम्ही पुन्हा गेलो. आकाश स्वच्छ, खडक कोरडा. क्रूसाजवळ पोचलो, खरे शिखर त्याच्याही पलीकडे, खोल फटीच्या पल्याड आहे, तिकडे वाट नाही. तिघांनी बसून फराता खाल्ले. भाच्याने खाली वाकून जुलैत परत फिरलो ती जागा शोधली. वरून ती अगदी हाताच्या अंतरावर वाटत होती. "किती जवळ होतो," तो म्हणाला, आणि मग उतरायच्या वाटेकडे बराच वेळ पाहत बसला.