पृथ्वीची मांडणी (भाग ६) : दोन समुद्रांमधले लातूर आणि नांदेड

पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे आणि उरलेल्या जमिनीपैकी जवळपास दोन तृतीयांश जमीन विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे, हे मागच्या भागात पाहिले. या मांडणीचा मराठवाड्याच्या रानाशी काय संबंध, ते आज पाहू.

लातूर सुमारे १८.४, तर नांदेड १९.१ उत्तर अक्षांशावर आहे. एका अंशाला १११ किलोमीटर धरले, तर विषुववृत्तापासून दोन्ही शहरे दोन हजार किलोमीटरांहून थोडी अधिक दूर आहेत. ती कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस सूर्य थेट डोक्यावर येतो व भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते.

अटलांटिक आणि पॅसिफिक उत्तरेला आर्क्टिकपर्यंत जाऊन भिडतात. हिंदी महासागराची वाट मात्र आशिया खंडाने अडवली आहे. मोसमी पावसाचे मूळ याच रचनेत आहे. उन्हाळ्यात एवढी मोठी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावर हवेचा दाब कमी होतो आणि दक्षिण गोलार्धातले वारे विषुववृत्त ओलांडून इकडे येतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे ते उजवीकडे वळतात, म्हणून आपल्याकडे नैऋत्येकडून पोचतात. मृगाच्या सरीत विषुववृत्तापलीकडच्या समुद्राचेही पाणी असते.

हे वारे सह्याद्रीवर चढताना बहुतेक बाष्प तिथेच सांडतात. कोकणात अडीच हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पर्जन्यछायेतल्या लातूरला वर्षाला आठशे मिलीमीटर मिळाले तरी पुष्कळ. नांदेडला थोडा जास्त मिळतो, कारण बंगालच्या उपसागरात तयार होऊन विदर्भाकडे सरकणारी कमी दाबाची क्षेत्रे किनवट-माहूरच्या डोंगरांनाही भिजवतात. थोडक्यात, मराठवाडा दोन्ही समुद्रांचा शेजारी आहे, पण दोघांपासूनही लांब.

त्यात तिसरा महासागरही भर घालतो. २०१५ साली पॅसिफिकचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा खूप तापले. या एल निनोच्या वर्षी देशात पाऊस सरासरीपेक्षा सुमारे १४ टक्के कमी पडला. त्याआधीचे वर्षही कोरडेच गेले होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. उसासारखी तहानलेली पिके आणि खोल खोल जाणारे बोअर यांचाही त्या टंचाईत वाटा होता, हे विसरता येणार नाही.

म्हणूनच भूगोलाचे हे ज्ञान परीक्षेपुरते ठेवणे आपल्याला परवडणारे नाही. समुद्रांपासूनचे अंतर आपण कमी करू शकत नाही, सह्याद्रीही हलवू शकत नाही. पण आठशे मिलीमीटरांत बसेल असे पीक निवडणे, पडेल ते पाणी शिवारात मुरवणे आणि पॅसिफिकची बातमी आली की पेरणीचा व धरणातल्या साठ्याचा हिशेब आधीच मांडणे, हे आपल्या हातात आहे.

आजची ही जागाही कायमची नाही. आपल्या काळ्या रानाखालचा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तयार झाला, तेव्हा भारताचा हा भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या रियुनियन बेटाच्या परिसरात होता. तिथून तो इथवर कसा सरकला आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचा या प्रवासाशी काय संबंध, ते पुढच्या आठवड्यात.