महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतील स्थौल्य : मेसचे ताट आणि गुरु-अपतर्पण

दिवाळीची सुटी सुरू झाली की चिकित्सालयात एक ठराविक प्रकारचा रुग्ण येऊ लागतो. पावसाळ्यात घर सोडून अमरावतीला अथवा अकोल्याला शिकावयास गेलेला मुलगा वा मुलगी, आणि सोबत आई. तक्रार बहुधा आईच सांगते : "पोरगी म्हन्ते मेसमदी काईच खात नाही, अन् चार महिन्यात सारे कपडे तंग झाले." अनुभवान्ती असे म्हणता येईल की ही दोन्ही विधाने खरी असतात. मुलगी मेसमध्ये फारसे जेवत नाही, आणि म्हणूनच तिचे वजन वाढते. हा विरोधाभास उलगडल्याखेरीज या रुग्णांची चिकित्सा यशस्वी होत नाही, असे माझे मत झाले आहे.

अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ मध्ये झाली, अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्याहून जुने, १९६९ चे. या दोन शहरांत बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची वस्ती नवी नाही. गाडगेनगर ते शेगाव नाका या पट्ट्यात घरोघरी खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत, आणि अकोल्यात नीटच्या शिकवणीसाठी येणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलांची त्यात भर पडली आहे. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, बार्शीटाकळी अशा भागांतून येणाऱ्या या मुलांचा आहार एका महिन्यात बदलतो. घरी सकाळी न्याहारी, दुपारी चून-भाकर किंवा पोळी-भाजी, रात्री लवकर जेवण. इथे सकाळचा वर्ग सातला, म्हणून न्याहारी नाही. मेसचे जेवण दीडला, तेही पातळ वरण, बटाट्याची भाजी आणि भात. चारला टपरीवर चहा आणि कचोरी किंवा आलुबोंडा. रात्रीचे जेवण "आवडले नाही" म्हणून अर्धे टाकलेले. मग साडेअकराला अभ्यास करता करता खोलीवरच्या केटलमध्ये नूडल्स. रविवारी रात्री मेस बंद, म्हणून बाहेरचे खाणे ठरलेलेच. उपवास असेल त्या दिवशी साबुदाण्याची उसळ, शेंगदाण्याच्या कुटासह दोन वेळा. तो उपवास आहे, असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही.

चरकाचार्यांनी ग्रहणीच्या प्रकरणात समशन, अध्यशन आणि विषमाशन असे तीन दोष सांगितले आहेत. पथ्य आणि अपथ्य एकत्र खाणे हे समशन, आधीचे अन्न पचण्यापूर्वी पुन्हा खाणे हे अध्यशन, आणि अवेळी, कमी वा अधिक खाणे हे विषमाशन. वर दिलेल्या दिनक्रमात तिन्ही एकाच दिवसात घडतात. त्यांतही माझ्या मते अध्यशनाचा वाटा मोठा आहे, कारण ते विद्यार्थ्याच्या ध्यानीमनी नसते. जेवणाचा हिशेब तो मांडतो, मधल्या खाण्याचा मांडत नाही. चहाचेच पाहा. कपाला दोन चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम साखर धरली आणि दिवसाला पाच कप घेतले, तर पन्नास ग्रॅम साखर पोटात जाते, महिन्याला दीड किलो. एवढी साखर घरी डब्यात भरून दाखवली की पालक थक्क होतात. शीतपेयांत दर शंभर मिलिलिटरला दहा ग्रॅमच्या आसपास साखर असते, ती वेगळी.

आता चिकित्सेकडे वळू, आणि इथे मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आली. उंची १५६ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. मी नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, मेदोहर गुग्गुळ आणि रात्री त्रिफळा लिहून दिला, आणि "भात बंद कर, जेवण अर्धे कर" असे सांगून मोकळा झालो. तिने ते प्रामाणिकपणे पाळले, किंबहुना त्याहून पुढे गेली. मैत्रिणीच्या सांगण्यावरून सकाळी अनशेपोटी उकळत्या पाण्यात मध आणि लिंबू, दुपारी काकडी, रात्री काहीच नाही. तीन महिन्यांत सहा किलो वजन उतरले. त्यानंतर एका सकाळी ती वसतिगृहाच्या न्हाणीघरात भोवळ येऊन पडली. हिमोग्लोबिन ८.४ निघाले. पाळी दोन महिने आलेली नव्हती. खाणे पुन्हा सुरू झाल्यावर वजन ७० वर गेले, म्हणजे आली होती त्याहून अधिक.

तिचे हिमोग्लोबिन मी पहिल्या भेटीत तपासावयास हवे होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या आढळल्या, आणि त्याच वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. हे दोन गट वेगळे आहेत असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात स्थूल दिसणारी मुलगी पांडुरोगीही असू शकते, आणि केवळ लंघन दिल्यास मेद हटण्याआधी रस-रक्ताची हानी होते.

अष्टौनिंदितीय अध्यायात या धोक्याची पूर्वसूचना आहे. अतिस्थूल व्यक्तीत मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोष्ठात विशेष संचार करतो, अग्नी प्रदीप्त करतो आणि आहाराचे शोषण वाढवतो. म्हणून अन्न लवकर पचते आणि पुन्हा भूक लागते. काळ चुकला तर हेच अग्नी आणि वायू, वणव्याने वन जाळावे तसे शरीराची हानी करतात, असा दृष्टान्त तेथे दिला आहे. अतिक्षुधा आणि अतितृष्णा यांची गणना स्थौल्याच्या आठ दोषांत केली आहे. ती रुग्णाची हावरट वृत्ती नव्हे. अशा रुग्णास "कमी खा" एवढेच सांगणे म्हणजे त्याच्या प्रदीप्त अग्नीस इंधनाविना सोडून देणे होय. तो आठ दिवस सोसतो, नवव्या दिवशी कचोरीच्या गाडीवर उभा राहतो. दोष त्याच्या निश्चयाचा नसतो, आपल्या उपदेशाचा असतो.

म्हणूनच स्थूलास गुरु आणि अपतर्पण असा आहार सांगितला आहे. पचावयास जड, म्हणजे वाढलेल्या अग्नीस गुंतवून ठेवणारा, परंतु पोषणाने मेद न वाढविणारा. चक्रपाणीने यासाठी मधाचे उदाहरण दिले आहे. मध गुरु असल्याने अग्नीचे शमन करतो आणि रूक्ष-लेखन असल्याने मेद घटवतो. मात्र उष्णाशी मधाचा संयोग शास्त्राने स्पष्टपणे निषिद्ध मानला आहे. विद्यार्थ्यांत रूढ झालेले उकळत्या पाण्यातील मधपाणी आपण आवर्जून बंद करावे. द्यावयाचेच तर साध्या पाण्यात द्यावे.

त्या अध्यायातील पथ्य धान्यांची यादी वऱ्हाडातील वैद्याने एकदा सावकाश वाचावी. यव, श्यामाक, कोद्रव, प्रियंगु, जूर्णाह्व, मुद्ग, कुलत्थ, आढकी, जोडीला पटोल आणि आमलक. जूर्णाह्व म्हणजे ज्वारी असा अर्थ परंपरेने घेतला जातो. आढकी म्हणजे तूर. कोद्रव म्हणजे कोदो, तो आजही मेळघाटात कोरकू बांधव पेरतात. थोडक्यात, चरकाने स्थूलासाठी सांगितलेल्या पदार्थांपैकी बरेच आपल्या आजीच्या चुलीवर रोज शिजत होते. कापूस राहिला, सोयाबीन आले आणि ज्वारीचा पेरा घटला, तशी ती ताटातूनही मागे सरली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा शहरात ज्वारीची बिस्किटे विकावयास आली. त्यांतील साखर आणि वनस्पती तुपाविषयी न बोललेले बरे.

इथे एक सावधगिरी. ज्वारीत तंतू पुष्कळ आणि गव्हात नाहीत, असे सरसकट सांगितले जाते. ते बरोबर नाही. चाळण न केलेल्या कणकेत तंतूंचे प्रमाण ज्वारीच्या जवळपासच असते. भाकरीचा लाभ अन्यत्र आहे. ती रूक्ष आहे, तिला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते, आणि दीड भाकरीत तृप्ती येते. मेसमधील तेल लावलेल्या मऊ पोळ्या चार-पाच सहज जातात. शिवाय भाकरीसोबत चून, ठेचा, अंबाडीची भाजी, तुरीच्या सोल्यांची आमटी असे पदार्थ आपोआप येतात, बटाट्याची रस्साभाजी येत नाही.

मेसमध्ये भाकरी का नसते, हे मी एका चालकास विचारले. त्यांचे उत्तर सरळ होते : पोळी लाटता येते, भाकरी थापावी लागते, आणि थापणारी बाई मिळत नाही. म्हणून माझ्या लेखी सल्ल्यात "रोज भाकरी" असे मी आता लिहीत नाही. जे मिळते त्यातच क्रम बदलावयास सांगतो. ताटावर बसल्यावर प्रथम वरण, तळाचे दाट मागून घेऊन, त्यासोबत उसळ आणि भाजी, मग दोन पोळ्या, आणि भूक उरल्यास शेवटी थोडा भात. पाणी जेवणाच्या मध्ये घोटघोट घ्यावे. जेवणाच्या शेवटी भरपूर पाणी पिणे स्थौल्यकर आहे, हे वाग्भटाने सांगितलेच आहे. चारच्या भुकेला फुटाणे किंवा मोड आलेले वाफवलेले मूग, हिवाळ्यात वरूड-मोर्शीकडचे एखादे संत्रे, रस न काढता. चहा दोन कप, साखर निम्मी. रात्रीचे जेवण आठच्या आत आणि ते टाळावयाचे नाही. रात्री दही नको. ताक दुपारी चालेल, परंतु एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्या काळात आंबट ताकाचा आग्रह धरू नये, कारण उष्णकाळी तक्र वर्ज्य सांगितले आहे. न्याहारी मात्र मी कोणालाही सोडू देत नाही, अपवाद फक्त ज्याला खरोखर अजीर्ण आहे त्याचा.

जागरणाचा प्रश्न अवघड आहे. परीक्षेच्या काळात "जागू नका" म्हणणे व्यर्थ. परंतु जागरणानंतर दुपारी भरल्या पोटी तीन तास झोपणे हे स्थौल्याचे थेट कारण आहे. ग्रीष्मात इतरांस दिवास्वापाची मुभा असली तरी मेदस्वी व्यक्तीस ती कोणत्याच ऋतूत नाही. वाग्भटाने यावर मार्ग दिला आहे : जितके जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ, सकाळी, जेवणापूर्वी झोपावे. विद्यार्थ्यांना हा नियम पटतो, कदाचित त्यात गणित आहे म्हणून.

व्यायामाविषयी अमरावतीकरांस फार सांगावयास नको. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले होते. आजचा विद्यार्थी मात्र सहा महिने काही करीत नाही आणि मग जिममध्ये पहिल्याच आठवड्यात दोन तास घाम गाळतो. अर्धशक्तीचा नियम सांगावा : कपाळावर आणि काखेत घाम आला, तोंड कोरडे पडू लागले की थांबावे. हेमंत हा आरंभासाठी उत्तम काळ.

औषधांत मुस्ता, गुडूची, त्रिफळा, विडंग ही नेहमीची द्रव्ये आहेतच, आणि रूक्ष उद्वर्तन कुळथाच्या पिठाने वसतिगृहातही करता येते. परंतु आधी कंबर मोजावी (पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर असल्यास गांभीर्याने घ्यावे), हिमोग्लोबिन, रक्तशर्करा आणि टीएसएच पाहावे. पाळी अनियमित असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. यात कमीपणा नाही. वजन घटविणारी आठवड्याची इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाल्यापासून काही विद्यार्थी त्यांविषयी विचारतात. ती तज्ज्ञाच्या देखरेखीचीच औषधे आहेत, एवढे स्पष्ट सांगून पुन्हा ताटाकडे यावे.

त्या विद्यार्थिनीकडे परत येतो. मेदोहर औषध थांबवून प्रथम पांडूची चिकित्सा केली. फिजिशियनच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या चालू होत्या, त्या बंद झाल्यावर नवायस लोह दिले. त्यातील मुस्ता, विडंग, त्रिफळा, नागर आणि लोह ही द्रव्ये स्थौल्यचिकित्सेतही सांगितली आहेत, त्यामुळे दोन्ही बाजू सांभाळता आल्या. पहिले दोन महिने वजन मोजावयाचेच नाही असे ठरवले. तिसऱ्या महिन्यापासून आठवड्याला पाव ते अर्धा किलो या गतीने ते उतरू लागले. परीक्षेच्या महिन्यात एक किलो परत चढले, ते मी धरले नाही. वर्षभरात हिमोग्लोबिन ११.८ आणि वजन ६३ वर आले. मधल्या काळात तिने आणि चार मैत्रिणींनी मेसच्या काकूंशी बोलून मंगळवार-शुक्रवार रात्री ज्वारीच्या भाकरी करवून घेतल्या, मात्र थापण्याचे काम पाळीपाळीने या मुलींनीच करावयाचे या अटीवर. पहिल्या आठवड्यात निम्म्या भाकरी तव्यावर मोडल्या.