हवेचा दिवा लागला, आधी काय तपासायचं?

‘चाकाखालचं विज्ञान’ या लेखमालेतला या आठवड्याचा भाग

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीहून निघतो आणि ९४.५ किलोमीटरनंतर किवळ्याला, म्हणजे देहूरोडच्या वेशीवर संपतो. रविवारी सकाळी घाट चढून आलेल्या स्पोर्ट्स कार इथे उतरतात, तेव्हा एखादीच्या डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारखं पिवळं चिन्ह पेटलेलं असतं, मध्ये उद्गारचिन्ह. मालक जुन्या हायवेवरच्या टायरच्या दुकानात गाडी घालतो आणि पहिलाच प्रश्न करतो, “सेन्सर गेला का हो?” गेलाही असेल. पण ते ठरवायला टायर उतरवावा लागत नाही. उलट, घाईने उतरवलेल्या टायरमुळेच चांगला सेन्सर मोडतो.

आधी दिवा नीट बघा. गाडी चालू केल्याबरोबर तो लुकलुकायला लागला, मिनिट-सव्वा मिनिट लुकलुकला आणि मग तसाच पेटून राहिला, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ हवा मोजणाऱ्या यंत्रणेत बिघाड आहे असा होतो. न लुकलुकता स्थिर पेटला, तर हवा कमी आहे. काही स्पोर्ट्स कार हे पडद्यावर शब्दांत सांगतात. हा फरक अमेरिकी नियमातून आला. फायरस्टोन टायर लावलेल्या फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांच्या अपघातांनंतर तिथे २००० साली कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या गाड्यांत ही यंत्रणा सक्तीची झाली. ठरलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्क्यांनी कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे, असा तो नियम. स्पोर्ट्स कारला ही कल्पना त्याआधीच पटली होती. १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये टायरचा दाब मोजणारी यंत्रणा होती. ती गाडी ताशी ३०० किलोमीटरच्या वर धावायची. त्या वेगाला मऊ पडलेला टायर म्हणजे जिवाशी खेळ.

आता गेज. लो-प्रोफाइल टायरची भिंत इतकी बुटकी आणि कडक असते की हवा आठ-दहा पीएसआयने उतरली तरी डोळ्यांना कळत नाही, लाथ मारूनही कळत नाही. हातातलं चांगलं गेज लागतंच. पण देहूरोडला ते लावताना एक गोष्ट विसरू नका. गाडी नुकतीच द्रुतगती मार्गावरून आलेली आहे, टायर तापलेले आहेत. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की दाब सुमारे एक पीएसआयने चढतो. घाट चढून, काँक्रीटवर ताशी १००ने पळून आलेला टायर सकाळपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त दाखवणारच. दारावरच्या पट्टीवर ३३ लिहिलंय, गेज ३८ दाखवतंय, म्हणून दुकानातला पोरगा पिन दाबून पाच हवा काढून टाकतो. दुसऱ्या दिवशी पहाटे थंड टायरमध्ये २८-२९ उरते, काही गाड्यांत तेवढ्यानेही दिवा लागतो आणि आळ येतो बिचाऱ्या सेन्सरवर. तापलेल्या टायरची हवा काढू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. पट्टीवरचा आकडा थंड टायरचा असतो, आणि स्पोर्ट्स कारमध्ये पुढच्या-मागच्या चाकांचा बहुतेक वेळा वेगवेगळा.

घाटाचाही यात वाटा आहे. नवी मुंबईत दुपारी ३३ अंशांत ३३ पीएसआय हवा भरली आणि डिसेंबरच्या पहाटे लोणावळ्यात १३ अंशांत मोजली, तर थंडीने तीन पीएसआय उतरलेली असते. पण लोणावळा समुद्रसपाटीपासून ६२२ मीटरवर, बाहेरचा हवेचा दाब तिथे कमी, त्यामुळे गेज साधारण एक पीएसआय परत देतं आणि ३१ च्या आसपास दाखवतं. चाकातला सेन्सर मात्र बहुधा निरपेक्ष दाब मोजतो. गाडीचा संगणक त्यातून समुद्रसपाटीचा ठरीव दाब वजा करत असेल, तर पडद्यावर ३० दिसतील. एवढ्या फरकावरून ना गेज फेकायचं, ना सेन्सर बदलायचा.

गेज चारही चाकांत योग्य हवा दाखवतंय आणि दिवा तरीही लुकलुकतोय, तर मग सेन्सरकडे वळा. व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, रिमच्या खोलगटात, अंगठ्याएवढी काळी डबी असते. आत दाब आणि तापमान मोजणारी चिप, छोटा रेडिओ आणि लिथियमची बॅटरी, सगळं रसायनात ओतून बंद केलेलं. बॅटरी वेगळी बदलता येत नाही. पाच ते दहा वर्षांत ती संपते आणि अख्खा सेन्सर बदलावा लागतो. गाडी उभी असताना तो झोपलेला असतो, चाक फिरायला लागलं की जागा होतो आणि मिनिटाभराने एकदा आकडा पाठवतो. त्यामुळे पार्किंगमध्ये उभ्या गाडीत पडद्यावर नुसत्या रेघा दिसल्या तर घाबरू नका, आधी दहा मिनिटं चालवा.

टायरवाल्याकडे हातात धरायचं तपासणी यंत्र असेल तर ते व्हॉल्व्हजवळ टायरच्या भिंतीला लावायचं. ते १२५ किलोहर्ट्‌झचा इशारा देऊन सेन्सरला उठवतं आणि त्याचा क्रमांक, दाब, तापमान, बहुतेक वेळा बॅटरीची स्थितीही वाचतं. चारातले तीन बोलले आणि एक गप्प राहिला, तर दोषी सापडला. चारही बोलले, तर गोंधळ गाडीच्या बाजूला आहे. तेव्हा आधी स्वस्तातला यूएसबी चार्जर आणि डॅशकॅम काढून बघा. असली उपकरणं गाडीच्या आतच रेडिओचा गोंगाट करतात.

बाहेरून आणलेली चाकं हा आणखी एक घोळ. आपल्याकडच्या आणि युरोपच्या गाड्या ४३३ मेगाहर्ट्‌झवर ऐकतात, अमेरिकेतले बरेच सेन्सर ३१५ वर बोलतात. तिथून हौसेने मागवलेले अलॉय सेन्सरसकट बसवले तर दोघांची गाठच पडत नाही. पोर्शेसारख्या गाड्यांत टायरचा प्रकार आणि माप मेनूत निवडावं लागतं. चाकं बदलून ते राहिलं, तर आकडा बरोबर असूनही गाडी कुरकुरत राहते. आणि काही गाड्यांत चाकात सेन्सरच नसतो, एबीएसच्या साहाय्याने चाकांच्या वेगातला फरक बघून हवा ओळखली जाते. तिथे चारही चाकांत हवा नीट भरून रीसेट द्यायचं, बस.

टायर उतरवायचाच असेल, तर उभं राहून बघा आणि मशीन सुरू होण्याआधी सांगा की आत सेन्सर आहे. टायर रिमपासून सोडवणारं लोखंडी पातं व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला लागलं पाहिजे. व्हॉल्व्हशेजारी लागलं की डबी कडकन मोडते. दुसरी कड ओढताना तिचा भार डबीवर येता कामा नये. सेन्सर जुनाच ठेवणार असाल तरी रबरी सील, नट आणि आतली पिन नवी घाला. पिन निकेलचा मुलामा असलेलीच हवी, कारण पितळी पिन ॲल्युमिनियमच्या दांड्यात गंजून बसते, आणि मावळच्या पावसात तर लवकरच. हेच शोभेच्या धातूच्या टोप्यांचं. काढायला गेलं की टोपीबरोबर व्हॉल्व्हही तुटून हातात येतो. साधी प्लॅस्टिकची टोपी लावा.

पुढच्या आठवड्यात: स्टेपनी नसलेल्या गाडीचं पंक्चर, आणि डब्यातलं सीलंट सेन्सरचं काय करतं.