पापलेट घेताना पट्टी आठवा

चंदेरी पापलेट, म्हणजे आपला सरंगा, २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवली; पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. त्याहून लहान पापलेट पकडणं म्हणजे अंडी घालायच्या आधीच पुढची पिढी खुडणं. मग जून-जुलैच्या मासेमारीबंदीचा उपयोग तरी किती? कुणी म्हणेल, वर्सोव्याच्या बाजारात आलेलं पिल्लू तर मेलेलंच, न घेऊन काय वाचणार? ते नाही वाचणार, मान्य. पण बारीक आसाचं जाळं पुन्हा टाकायचं की नाही, हे त्या पिल्लाला मिळणारा भावच ठरवतो. दोष जाळ्याचा खराच, पण त्याचा खर्च आपल्याच पिशवीतून निघतो. (जवळाप्रेमींनी घाबरू नये, तो जन्मभर एवढासाच असतो.)