रजा कोणाच्या मर्जीची?

गेल्या पंधरवड्यात एक मध्यम वयाचे गृहस्थ आमच्याकडे सल्ल्याकरिता आले होते. पुण्यातील एका खासगी कंपनीत ते नऊ वर्षे हिशेबनिसाचे काम करीत आहेत. कंपनी लहानसहान नाही, शंभरावर माणसे तिच्या पगारपत्रकावर आहेत. डिसेंबरअखेर ह्या गृहस्थांच्या नावावर सतरा दिवसांची रजा शिल्लक होती. ती मिळावी म्हणून वर्षभरात त्यांनी दोनदा अर्ज केला, आणि दोन्ही वेळा कामाच्या निकडीचे कारण लागून तो परत आला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांचे वडील वारले. गावी जाऊन तेराव्यापर्यंतचे सर्व उरकून ते परत आले, तो कामाचे अकरा दिवस बुडाल्याची नोंद झालेली होती. त्यापैकी तीन दिवस शिल्लक रजेचे व दोन दिवस नैमित्तिक रजेचे धरून उरलेल्या सहा दिवसांचा पगार कापण्यात आला होता. बाकीची चौदा दिवसांची रजा गेली कोठे, असे विचारता नियमांचे पुस्तक त्यांच्यापुढे करण्यात आले. त्यात लिहिले होते की, वर्षअखेर राहिलेल्या रजेपैकी तीन दिवसच पुढील वर्षी ओढले जातील, बाकीची रद्द समजावी.

नियम कंपनीने छापला म्हणून तो कायद्याहून मोठा होत नाही, हे सांगण्यास फार विद्वत्ता लागत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे कामगारास आपली अर्जित रजा पंचेचाळीस दिवसांपर्यंत साठविता येते. सतरातील चौदा दिवस गिळून टाकण्याचा अधिकार कोणत्याही नियमपुस्तकास नाही. तेवढे आम्ही त्यांस सांगितले व पत्राचा मसुदाही करून दिला. परंतु आम्हास खरोखर विचारात पाडले ते त्यांच्या जाण्याच्या वेळच्या प्रश्नाने. जोडे पायात घालता घालता ते म्हणाले, “मी काही गैर तर मागत नाही ना?” हाच मनुष्य कंपनीचे देणेकऱ्यांकडील बाकी पैसे वसूल करताना पैपैचा हिशेब मागत असेल, आणि तसा तो मागताना त्यास काडीचाही संकोच वाटत नसेल. स्वतःच्या बाकीची गोष्ट निघताच मात्र त्याचा आवाज खाली आला.

ह्याचे मूळ कदाचित शब्दातच असावे. ‘रजा’ हा शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला, आणि त्याचा मूळ अर्थ संमती, मर्जी असा आहे. चाकराने धन्याची रजा घ्यावी, म्हणजे त्याची मर्जी विचारावी. ‘सुटी’ हा शब्द आपल्या सुटण्यावरून आलेला, त्यात कोणाची मर्जी विचारण्याचा प्रश्न नाही. आज कायदा रजेस हक्क म्हणतो. पण कचेरीतील अर्ज अजून ‘कृपा करून रजा मंजूर व्हावी’ ह्याच वाक्याने संपतो, आणि मंजुरी देणारा अधिकारीही आपण स्वतःच्या खिशातून काही देत आहोत अशाच चेहऱ्याने सही करतो.

हा हक्क आपल्या प्रांतात आपोआप उगवला नाही. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने मुलांस महिन्यास चार सुट्या दिल्या. मोठ्या माणसांच्या सुटीविषयी तो मुका होता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळास गिरणीकामगारांच्या सभा भरवून सरकारकडे जो अर्ज पाठविला, त्यातील पहिल्या मागण्यांत रविवारच्या सुटीची मागणी होती. रविवार हा खंडोबाचा वार, कष्टकऱ्याने त्या दिवशी देवाचे व समाजाचे काही करावे, असा युक्तिवाद त्यांनी केल्याचे सांगतात. मालकांच्या गळी उतरावयास तो सोपा होता हेही खरे. पुरी सहा वर्षे गेली, तेव्हा १० जून १८९० रोजी मालकांनी रविवार मान्य केला, आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्यात साप्ताहिक सुटीस जागा मिळाली. तथापि ही सुटका कामापासून होती. काम न करता वेतन मिळावे, ही कल्पना त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नव्हती. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने वर्षास किमान सहा दिवसांच्या पगारी सुटीचा ठराव केला तो १९३६ साली. त्याच वर्षी फ्रान्सात मोठ्या संपानंतर दोन आठवड्यांची पगारी सुटी कायद्यात आली. आपल्याकडे १९४५ च्या दुरुस्तीने वर्षभराच्या सलग नोकरीनंतर दहा दिवस मिळाले आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस हे प्रमाण घालून दिले. चार दिवसांहून कमी नाही अशी रजा मंजूर झाली, तर तिचे वेतन कामगार रजेवर निघण्यापूर्वीच त्याच्या हाती द्यावे, असेही त्या कायद्यात होते. गणपतीस कोकणात जाणाऱ्याच्या खिशात पैसा नसेल तर ती रजा कसली, हे कायदा करणारास कळले होते.

आता ह्याच प्रमाणाकडे आमच्या व्यापारी वाचकांनी खातेवहीच्या दृष्टीने पाहावे, एवढी आमची विनंती आहे. मनुष्याने वीस दिवस काम केले, त्याच क्षणी त्याच्या खाती एक दिवसाचे वेतन जमा झाले. ते त्याने उचलले नाही, म्हणून ते मालकाकडे राहिले. म्हणजे ती ठेव झाली. ठेवीदार एकतीस डिसेंबरपर्यंत दारात आला नाही, एवढ्यावरून ठेव बुडाली असे जर एखाद्या पेढीने जाहीर केले, तर दुसऱ्या दिवशी त्या पेढीवर कोण पाऊल ठेवील? हिशेबशास्त्राचे नियमही हेच सांगतात. साठलेल्या व पुढे ओढल्या जाणाऱ्या रजेची तरतूद कंपनीस देणे म्हणून ताळेबंदात दाखवावी लागते. आयकराच्या नियमांतही खासगी नोकरास निवृत्तीच्या वेळी रजेपोटी मिळणाऱ्या रकमेवरील सवलतीची मर्यादा २०२३ मध्ये तीन लाखांवरून पंचवीस लाखांवर नेण्यात आली. सरकार व हिशेबतपासनीस दोघेही जिला पैसा मानतात, ती केवळ नियमपुस्तकात मेहेरबानी कशी होते, हे कोडे आम्हास सुटत नाही.

ह्या देण्यातून मोकळे होण्याच्या युक्त्या अलीकडे बऱ्याच निघाल्या आहेत. रजा रद्द करणे ही जुनी व ओबडधोबड युक्ती. तिच्याहून सफाईदार म्हणजे सर्व रजा एकाच पिशवीत घालणे. आजारपण, देवकार्य, लग्न, विश्रांती ह्या सर्वांस मिळून अमुक दिवस, मग ते कसेही खर्च करा. ह्यात एक सोय आहे हे आम्ही नाकारीत नाही. रजेकरिता खोटे बोलावे लागत नाही. एकाच आजीचे तीन वेळा निधन होण्याची आपल्या कचेऱ्यांतील परंपरा त्यामुळे थांबेल. पण दिवाळीस घरी जाण्याकरिता चार दिवस राखून ठेवणारा मनुष्य श्रावणात ताप अंगावर काढून कामावर येतो आणि शेजारच्या चौघांस तो ताप देतो, हाही त्याच पिशवीचा परिणाम होय.

सर्वांत नवी तऱ्हा अमर्याद रजेची. अमेरिकेतील काही कंपन्यांनी ती काढली व आपल्याकडील सॉफ्टवेअर व्यवसायातही तिचे कौतुक होऊ लागले आहे. वरिष्ठाची अडचण नसेल तर वाटेल तितकी रजा घ्या, मोजदाद नाही. ऐकून मनुष्य हुरळतो. परंतु जी मोजलीच नाही ती साठत नाही, जी साठत नाही ती नोकरी सोडताना मागता येत नाही, आणि कंपनीच्या ताळेबंदातील तेवढे देणे आपोआप नाहीसे होते. ज्या देशात ही पद्धत निघाली, तेथे खासगी नोकरास वर्षास एक दिवसही पगारी रजा देण्याची सक्ती करणारा मध्यवर्ती कायदा नाही, हेही ध्यानात ठेवावे. मर्यादा काढली म्हणजे हक्क वाढला असे नव्हे. पुष्कळदा हक्काच्या जागी पुन्हा मर्जी येऊन बसते.

उलट, सगळी रजा विकून पैसा करावा, ह्या मताचेही आम्ही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या श्रमसंहितांपैकी एकीत वर्षअखेर रजेचे पैसे मागण्याचा हक्क कामगारास दिला आहे. बुडण्यापेक्षा पैसा बरा, हे उघड आहे. तरी हातातोंडाची गाठ ज्याची पडत नाही, तो दरसाल आपली विश्रांती विकून मुलांची फी भरील, ही भीती आम्हास वाटते. त्याच संहितेत रजेच्या पात्रतेकरिता लागणारे कामाचे दिवस २४० वरून १८० वर आणले, ते मात्र निखालस चांगले झाले. २४० ची रेघ जवळ येताच माणसास ‘ब्रेक’ देऊन घरी बसविण्याचा जो धंदा कित्येक कंत्राटदारांनी चालविला होता, त्यास रजेपुरता तरी काही आळा बसावा.

लहान दुकानदार येथे म्हणतील, आमच्याकडे माणसे दोन. एकास रजा दिली तर गल्ल्यावर कोण बसेल? अडचण खरी आहे. कायद्यासही ती दिसली. २०१७ चा कायदा दहा माणसांपासून पूर्णपणे लागू केला होता, आणि ही मर्यादा विसावर नेण्यास राज्याच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यताही दिली. म्हणजे एका फटक्यात पुष्कळ दुकानांतील नोकर ह्या छत्राबाहेर गेले, आणि आम्हास ते पसंत नाही. पुण्याचा दुकानदार दुपारी एक ते चार दार लावून घेतो म्हणून त्याची सर्वत्र थट्टा होते. आम्ही त्या थट्टेत सामील नाही. विश्रांतीची किंमत त्यास कोणी शिकवावयास नको. आम्ही इतकेच म्हणतो की, उन्हाळ्यात आठ दिवस पाळीपाळीने नोकर गावी गेला, तर जे गिऱ्हाईक मालकाच्या वामकुक्षीकरिता चार वाजेपर्यंत थांबते, ते नोकराकरिताही घटकाभर थांबेल.

बाळंतपणाच्या रजेविषयी मात्र व्यापाऱ्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. २०१७ च्या दुरुस्तीने ही रजा सव्वीस आठवड्यांची झाली, हे योग्यच झाले. पण विमा योजनेबाहेरील आस्थापनेत तिचा सगळा खर्च मालकाच्या माथी बसतो. परिणाम असा की, तोंडाने कोणी बोलत नाही, पण मुलाखतीस आलेल्या तरुण स्त्रीस लग्नाबद्दल आडून आडून विचारले जाते आणि जागा पुरुषास मिळते. १९२८ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात ह्याच विषयावर बोलताना डॉ. आंबेडकर यांनी मालकाची जबाबदारी मान्य करूनही, हा भार मुख्यतः सरकारने उचलावा असे प्रतिपादन केले होते, कारण माता व मूल सुरक्षित राहण्यात सर्व राष्ट्राचे हित आहे. १९२९ चा मुंबई प्रांताचा कायदा त्यानंतर झाला. जवळजवळ शंभर वर्षांनंतरही त्या सूचनेस खासगी कचेरीत काम करणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत उत्तर मिळालेले नाही. राज्य विम्यात मालक व कामगार दोघे वर्गणी देतात आणि प्रसूतीचे पैसे त्या निधीतून मिळतात. तोच मार्ग एकवीस हजारांच्या वेतनमर्यादेपलीकडे का नेऊ नये, ह्याचे समाधानकारक कारण आमच्या तरी वाचनात आले नाही.

येथवर ज्यांच्या नावे हजेरीपत्रक आहे त्यांची गोष्ट झाली. ज्यांच्या नावे ते नाही, त्यांस रजा हा शब्द ठाऊक नाही. त्यांचा शब्द ‘खाडा’. बीडकडील ऊसतोड मजुरांच्या जोडप्यातील एकाने खाडा केला की त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर मुकादमाचा दंड बसतो. तेथील स्त्रियांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण इतके वाढले की, २०१९ मध्ये सरकारास नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. चार दिवसांचा खाडा परवडत नाही, हे त्यामागील कारणांपैकी एक म्हणून वारंवार पुढे आले आहे.

आणि बीडपर्यंत जावयासही नको. ज्यांच्या घरी हा अंक सकाळच्या चहाबरोबर वाचला जातो, त्यांच्या स्वयंपाकघरातील भिंतीवर एक दिनदर्शिका असते, आणि तीत कामवाल्या बाईंच्या खाड्यांवर फुली मारलेली असते. राज्यात घरेलू कामगारांकरिता कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. पगारी रजेची सक्ती तो करीत नाही. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला होता. त्याला आता पंचेचाळीस वर्षे होऊन गेली. आमच्या स्वतःच्या घरीही गेल्या महिन्यापर्यंत ही फुली होती. हिशेबनीस गृहस्थ निघून गेल्यावर आम्ही ती दिनदर्शिका काढून पाहिली. जून महिन्यात तीन फुल्या आणि त्यापुढे कापलेल्या रकमेचा आकडा आमच्याच घरच्या अक्षरात होता. बाईंस विचारले, तेव्हा कळले की त्यांच्या मुलीस टायफॉइड झाला होता. ती रक्कम आम्ही त्यांस परत केली, आणि महिन्यास दोन दिवस त्यांच्या खाती जमा धरण्याचे ठरविले आहे. न घेतलेले दिवस दिवाळीस रोख द्यावयाचे. त्यांस ते सांगितले, तो त्यांनीही आम्हास विचारले, “पुन्हा कापणार नाही ना?”