ओवऱ्या खाली, घर वर

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बाथ शहरापासून मोटारीने सुमारे अर्ध्या तासावर, लॅकॉक नावाचे गाव आहे. लोकरीच्या व्यापारावर वाढलेल्या या गावाच्या कडेला मध्ययुगीन साध्वींचा एक मठ उभा आहे. मठ म्हणून तो ३१० वर्षे चालला, घर म्हणून त्याहून अधिक काळ वापरला गेला. गेल्या उन्हाळ्यात तो पाहण्याचा योग आला. त्या वेळी मनात एक घरचा प्रश्न घोळत होता. तो पुढे सांगतो.

मठाची स्थापना १२२९ साली सॅलिस्बरीच्या एला या सरदारपत्नीने केली. पती निवर्तल्यावर तिने आपल्या जमिनी धर्मकार्यास दिल्या, पुढे स्वतः दीक्षा घेतली आणि या मठाची प्रमुख झाली. आपल्याकडे एखाद्या विधवा श्राविकेने उपाश्रय बांधून द्यावा, त्यातलाच हा प्रकार.

मठाची रचना चौसोपी वाड्यासारखी आहे. मध्ये मोकळा चौक, भोवती ओवऱ्या. दक्षिणेस चर्च, पूर्वेस पूजासाहित्याची खोली, सभादालन आणि शेकोटीचे दालन, अन् त्यांच्यावर साध्वींचे शयनगृह, उत्तरेस वरच्या मजल्यावर भोजनगृह. थंडीच्या दिवसांत ऊब घेण्यास साध्वींना त्या शेकोटीचाच आधार असे. तेथे आज १५०० साली ओतलेला एक प्रचंड धातूचा हंडा ठेवला आहे. तो आजच्या बेल्जियममधील मेखेलन येथे घडवलेला. आपल्या मोठ्या स्वामीवात्सल्याच्या पंगतीत शोभावा असा.

आठव्या हेन्री राजाने १५३६ ते १५४० या काळात इंग्लंडमधील सुमारे आठशे धर्मगृहे बंद केली. त्यापूर्वी १५३५ मध्ये प्रत्येक मठाच्या उत्पन्नाची तपशीलवार नोंद करून घेतली होती, आणि जप्त मालमत्तेच्या हिशेबासाठी स्वतंत्र कचेरीही उघडली. म्हणजे आधी ताळेबंद, मग जप्ती. वार्षिक उत्पन्न दोनशे पौंडांखाली असलेले मठ प्रथम बंद व्हावयाचे होते. लॅकॉक त्यांतच मोडत होता. पण दंड भरून त्याने मुदत मिळवली. जानेवारी १५३९ मध्ये मात्र साध्वींना निवृत्तिवेतन देऊन बाहेर काढण्यात आले.

पुढच्या वर्षी विल्यम शॅरिंग्टन या दरबारी गृहस्थाने ही वास्तू ७८३ पौंडांस विकत घेतली. त्याने पहिल्याप्रथम चर्च पाडले. एवढ्या उंच, एकसलग दालनाचा घराला उपयोग नव्हता, आणि दगड मात्र कामाचा होता. पण चर्चची उत्तरेकडील भिंत त्याने राखली. तीच आज घराची दक्षिण भिंत आहे. तळमजल्यावरील ओवऱ्या आणि दालने त्याने जवळजवळ तशीच ठेवली व राहण्याची सोय वरच्या मजल्यावर केली. खालचा भाग दमट, दगडी कमानींचा, निजण्या-बसण्यास गैरसोयीचा. गैरसोयीचा होता म्हणूनच तो वाचला, असे मला तेथे उभे राहून वाटले. चौकाच्या तीन बाजूंच्या ओवऱ्या छतावरील कोरीव गाठींसह आजही शाबूत आहेत. ‘हॅरी पॉटर’च्या चित्रपटातील शाळा येथेच चित्रित झाली, हे आपल्या नातवंडांना विचारावे.

शॅरिंग्टनने नव्याने बांधलेला भाग म्हणजे आग्नेय कोपऱ्यातला अष्टकोनी बुरूज. त्याच्या मधल्या मजल्यावर दस्तऐवज व मौल्यवान वस्तू ठेवण्याची भक्कम खोली, तिच्यात कोरीव दगडी मेज; सर्वांत वरच्या खोलीत गच्चीवरूनच जाता येते. ज्याची हयात तिजोरीच्या किल्ल्या सांभाळण्यात गेली, त्याने या खोलीपाशी जरा रेंगाळणे स्वाभाविकच. पण या तिजोरीचा धनी ब्रिस्टलच्या टांकसाळीचा अधिकारी होता. राजाच्याच हुकमाने त्या काळी नाण्यांतली चांदी कमी होत होती. याने त्यावर आपलाही हात मारला, हिशेबाच्या वह्या बनावट केल्या आणि १५४९ मध्ये तो पकडला गेला. कबुलीजबाब देऊन प्राण वाचवले, मोठी रक्कम भरून जप्त झालेली मालमत्ता परत मिळवली. १५५३ मध्ये तो निपुत्रिक वारला.

मठांच्या जमिनी घेणाऱ्या घराण्यांची वाताहत होते, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ हेन्री स्पेलमन या विद्वानाने पुढच्या शतकात लिहिला. देवद्रव्याविषयीची आपली धारणा ज्यांनी लहानपणापासून ऐकली आहे, त्यांना हे परके वाटणार नाही. परंतु लॅकॉक त्या सिद्धांतात नीट बसत नाही. शॅरिंग्टनच्या पुतणीचा विवाह टॅलबट घराण्यात झाला आणि त्या वंशाकडे हे घर १९४४ पर्यंत राहिले. याच घराच्या दक्षिण दालनातील जाळीदार खिडकीचे छायाचित्र विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी ऑगस्ट १८३५ मध्ये घेतले. ते आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने निगेटिव्ह होय. १९४४ मध्ये मटिल्डा टॅलबट यांनी घर आणि गाव नॅशनल ट्रस्टला दिले. मठाच्या दप्तरात जपलेली मॅग्ना कार्टाची १२२५ सालची प्रतही त्यांनी ब्रिटिश म्युझियमच्या स्वाधीन केली.

आता घरचा प्रश्न. आमच्या गावचा जुना लाकडी उपाश्रय नवी वास्तू झाल्यापासून बंद आहे आणि एक कुटुंब तो राहण्यासाठी विकत मागत आहे. उपाश्रय काटेकोर अर्थाने देवद्रव्यात मोडत नाही, तरी मालमत्ता धर्मखात्याची आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ३६व्या कलमान्वये धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीविना ती विकता येत नाही. काही विश्वस्तांना विक्री मुळीच नको, काहींना वाटते की गळत्या छपराखाली कुजण्यापेक्षा घर झालेले बरे. लॅकॉक पाहण्यापूर्वी मी पहिल्या पक्षात होतो. आता तितका ठाम नाही. व्याख्यानाचे दालन, त्याचे खांब आणि साध्वींच्या खोल्यांकडे जाणारा जिना यांस हात न लावता वरच्या मजल्यावर राहता येईल का, एवढे मला पाहावयाचे आहे. विक्रीचा ठराव येण्याआधी वास्तूचा मोजमापांसह नकाशा काढून घ्यावा, असे पत्र मी मंडळाला दिले आहे. पर्युषणानंतरच्या सभेत ते वाचले जाईल.