कोकम सरबत : मिठाच्या बरणीपासून साखरेच्या बाटलीपर्यंत

कोकणात उन्हाळ्यात पाहुण्यापुढे ठेवले जाणारे लाल कोकम सरबत आता मुंबई-पुण्याच्या दुकानांतही बाटलीतून विकले जाते. ज्या फळापासून ते तयार होते त्यास दक्षिण कोकणात रातांबा व गोव्यात भिरंड म्हणतात. कोकम किंवा आमसूल हे नाव वास्तविक त्याच्या वाळविलेल्या सालीचे होय. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात या आंबट फळाचा उल्लेख केला आहे.

या फळाचा सारा इतिहास त्याच्या हंगामाने ठरविला आहे. रातांबे एप्रिल-मे महिन्यांत पिकू लागतात, आणि बहर ऐन भरात असताना मृगाचा पाऊस येऊन ठेपतो. भिजलेले फळ कुजते, साली वाळविण्यास ऊन मिळत नाही, व झाडाखाली लाल चिखल तेवढा उरतो. म्हणून फळ हाती येताच ते टिकविण्याची युक्ती शोधणे भाग होते.

पहिली युक्ती मिठाची. फळे फोडून मीठ लावून ठेवली म्हणजे जो गडद रस सुटतो त्यास आगळ म्हणतात. सोलकढीस तेच लागते. मीठ किनाऱ्यावरच्या मिठागरांत होत असे, साखर मात्र विकत आणावी लागे. त्यामुळे गोड सरबत हा प्रकार गरीब घरात नित्याचा नव्हता, यात नवल नाही.

साखरेची रीत सोपी आहे. ताजी पक्व फळे धुऊन अर्धी कापावी व बिया काढाव्या. १ किलो सालीस २ किलो साखर या प्रमाणात बरणीत थर द्यावे आणि सुमारे आठवडाभर रोज ढवळावे. साखर विरघळून जो पाक निघतो, तो गाळून घ्यावा. पिताना त्यात पाच-सहा पट पाणी, किंचित मीठ व जिरेपूड घालावी. चाकरमान्यांच्या सामानातून हाच पाक घराघरांतून मुंबईस जात असे; पुढे त्याचाच धंदा झाला.

धंद्याबरोबर दोन अडचणी आल्या. फळाचा लाल रंग नैसर्गिक असून उष्णता व उजेड यांनी तो फिका पडतो. टिकाऊपणासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरल्यास तोही रंग उडवितो. म्हणून येथे सोडियम बेंझोएट, तेही कायद्याने ठरविलेल्या मर्यादेतच, वापरावयाचे असते. दुसरी अडचण लबाडीची. सायट्रिक आम्ल, साखर व कृत्रिम रंग यांचे मिश्रणही कोकम म्हणून खपविता येते, आणि त्याच्या स्वस्ताईपुढे खऱ्या पाकाचा भाव टिकत नाही. घरच्या घरी पारख करावयाची झाल्यास थोड्या सरबतात फेस येणे थांबेपर्यंत खाण्याचा सोडा घालावा. कोकमाचा खरा रंग निळसर-जांभळट झाकेकडे वळतो. बहुतेक कृत्रिम लाल रंग तसेच राहतात.

सिंधुदुर्ग व रत्नागिरी या जिल्ह्यांच्या कोकमास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तथापि ज्याच्या परसात झाड आहे तो पुष्कळदा फळे कच्च्या मालाच्या भावाने विकतो, आणि बाटलीची किंमत दुसऱ्याच्या हाती जाते. महिला बचत गट ज्या गावी फळ उतरेल त्याच दिवशी कापतात, तेथे हा हिशेब बदलतो. फेकल्या जाणाऱ्या बियाही वाळवून ठेवाव्यात. त्यांतून कोकम तेल निघते.

पावसाशी चाललेल्या या शर्यतीवर खरा तोडगा लवकर पिकणारे झाड हाच होय. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ साली प्रसारित केलेली ‘कोकण अमृता’ ही जात पावसापूर्वी काढणीस येते. बियांपासून वाढविलेल्या रोपांत नर-मादी झाडे वेगळी निघतात व फुले येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, त्यांची ओळख पटत नाही. नर निघालेल्या झाडाखाली शेतकऱ्याची तेवढी वर्षे फुकट जातात. यास्तव बियांची रोपे न लावता खात्रीच्या रोपवाटिकेतील मृदुकाष्ठ कलमे घ्यावीत, व परागीभवनासाठी त्यांत थोडी नर कलमेही मागून घ्यावीत.